पहिलीचा वर्ग तयार होतो

मुलांनो, मे महिन्यात तुमच्या शाळेवरून तुम्ही कधी गेला आहात काय? फाटकाला कुलूप असते. मैदानात कोणी नसते. व्हरांड्यात बाक एकावर एक रचून ठेवलेले असतात. मग जून येतो, घंटा वाजते आणि तुम्ही वर्गात शिरता. तेव्हा बाक रांगेत असतात, फळा स्वच्छ असतो, टेबलावर खडूची पेटी असते. वर्ग जणू आपोआप तयार झाला, असे तुम्हांला वाटते. परंतु वर्ग आपोआप तयार होत नाही. तो तयार करावा लागतो. पहिलीचा वर्ग कसा तयार करतात, ते आपण या पाठात पाहू.

पहिलीचाच वर्ग का, असे तुम्ही विचाराल. तुम्ही आता मोठे झाला आहात. तुमचा बाक मोडका असेल, तर तुम्ही दुसऱ्या बाकावर बसता. फळा दिसत नसेल, तर उभे राहून तसे सांगता. सहा वर्षांचे मूल असे सांगत नाही. आपल्याला दिसत नाही, हेच मुळी त्याला कळत नाही. सगळ्यांना इतकेच दिसत असेल, असे त्याला वाटते. ते गप्प बसते. चार दिवस येते आणि पाचव्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहते. शाळा नकोशी होण्याची सुरुवात पुष्कळदा अशी अगदी लहानशा कारणाने होते. म्हणून पहिलीचा वर्ग तयार करताना शिक्षकाला आपली उंची विसरून मुलाच्या जागेवरून पाहावे लागते.

महाराष्ट्रात शाळा साधारणपणे १५ जूनला उघडतात. विदर्भात उन्हाळा कडक असतो, म्हणून तेथे त्या काही दिवस उशिरा उघडतात. मुंबई आणि ठाणे या भागात मोसमी पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून मानली जाते. म्हणजे शाळा आणि पाऊस दोन्ही एकाच आठवड्यात येतात. कधी कधी पाऊस वाटही पाहत नाही. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्या वेळी शाळा उघडायला अजून तीन आठवडे होते. त्यामुळे वर्गाची पहिली तयारी पावसाच्या आधी झाली पाहिजे, असा आपल्याकडचा नियमच आहे.

आपले मीरा-भाईंदर शहर कोठे वसले आहे, ते नकाशात पाहा. पश्चिमेला उत्तनजवळ अरबी समुद्र आहे. उत्तरेला वसईची खाडी आहे. भाईंदरची मिठागरे तर प्रसिद्धच आहेत. अशा ठिकाणी हवेत ओलावा फार असतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कणही येतात. मीठ ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात घरातल्या मिठाला पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले असेलच. असे कण लोखंडावर बसले, की लोखंड लवकर गंजते. बाकांचे खिळे, कपाटाच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज यांवर आधी तांबूस डाग पडतात आणि नंतर पोपडे निघतात. गंजलेला खिळा बाकातून अर्धा बोट वर आलेला असतो. मोठ्या माणसाच्या नजरेला तो पडत नाही. लहान मुलाच्या मांडीला मात्र तो लागतो. म्हणून प्रत्येक बाकावरून हात फिरवून पाहावा लागतो. वर आलेला खिळा ठोकावा आणि सैल झालेली फळी घट्ट करावी.

ओलीचा दुसरा परिणाम कागदावर होतो. कागद हवेतील ओलावा शोषून घेतो. तो फुगतो, वाकतो आणि पुढे त्यावर काळी-हिरवी बुरशी धरते. वर्गातील पुस्तकांचे कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेवले, तर भिंतीची ओल त्यात शिरते. ते भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते. पुस्तके जमिनीवर रचू नयेत. खडूसुद्धा झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ओलसर खडू फळ्यावर नीट उमटत नाही आणि मोडतोही लवकर.

मे महिन्यातच गच्चीवर जाऊन पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात. वर्षभराचा पाचोळा त्यांत अडकलेला असतो. पाणी तुंबले की ते छतात मुरते आणि खालच्या वर्गात टपकते. गच्चीवरच्या फुटक्या बादल्या आणि डबे काढून टाकावेत. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी करून, घासून, धुऊन घ्यावी आणि तिला घट्ट झाकण बसवावे. भिंत ओली होत असेल, तर तिच्यावरील विजेची बटणे जाणकार माणसाकडून तपासून घ्यावीत. या कामांना कोणी ‘वर्गसजावट’ म्हणत नाही. पण रंगीत पताकांच्या आधी ही कामे येतात.

आता आपण वर्गाच्या आत येऊ.

बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पहिली ते पाचवीचे वर्ग वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास चालले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. या ८०० तासांचा थोडा विचार करा. मूल इतका वेळ एकाच खोलीत, बहुधा एकाच जागेवर काढते. आपल्याला एखाद्या दिवशी सोसवेल अशी अडचण त्याला ८०० तास सोसावी लागते.

बाकाचेच उदाहरण घ्या. शहरात जागा कमी असते. पुष्कळ शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळी एका खोलीत पहिलीची मुले बसतात आणि दुपारी त्याच खोलीत मोठी मुले बसतात. बाक मात्र एकच असतात आणि ते मोठ्या मुलांच्या मापाचे असतात. सहा वर्षांच्या मुलाचे गुडघे जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर असतात. मोठ्यांच्या बाकाची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. अशा बाकावर मुलाचे पाय अधांतरी लोंबकळतात. बाकाची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात. मग मूल चुळबुळ करू लागते, पाय हलवते, पुढे सरकते. शिक्षक त्याला म्हणतात, “नीट बस!” दोष बाकाचा असतो आणि बोलणी मुलाला खावी लागतात.

यावर उपाय अवघड नाहीत. पाय टेकवण्यासाठी बाकाखाली आडवी फळी बसवता येते. दोन सत्रांच्या शाळेत खोलीचा एक भाग मोकळा करून तेथे सतरंजी अंथरता येते. लहान मुले जमिनीवर मोकळेपणाने बसतात आणि त्यांचे पायही दुखत नाहीत. मात्र पावसाळ्यात फरशी ओली आणि गार असते. त्यामुळे सतरंजी रोज झटकून कोरडी ठेवावी लागते.

बसण्याची जागा ठरली, की उजेड पाहावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डाव्या बाजूने उजेड यावा, असा जुना आणि योग्य नियम आहे. उजेड उजवीकडून आला, तर हाताची सावली डावीकडे, म्हणजे थेट पेन्सिलीच्या टोकावर पडते. येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, “सर, उर्दू तर उजवीकडून डावीकडे लिहितात. मग आमच्या वर्गात उजेड उजवीकडून यायला हवा ना?” प्रश्न चांगला आहे, पण उत्तर ‘नाही’ असे आहे. सावली हाताची पडते, लिपीची पडत नाही. उर्दू लिहितानाही आपला उजवा हात पेन्सिलीच्या उजव्या बाजूलाच असतो. उजेड उजवीकडून आला, तर पुढचे अक्षर जेथे लिहायचे, नेमक्या त्याच जागेवर अंधार होतो. म्हणून मराठी असो की उर्दू, उजेड डावीकडूनच हवा. खात्री करायची असेल, तर आज रात्री दिव्याजवळ वही घेऊन बसा आणि स्वतः पाहा.

डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचे सगळे याच्या उलट असते. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला त्याचे कोपर लागत नाही. त्याच्या जागेवर दिव्याचा उजेड पुरेसा आहे की नाही, तेही पाहावे.

वर्गातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे फळा. १९८७ साली केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी एक मोठी योजना सुरू केली होती. प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे आवश्यक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रात ही योजना ‘खडू-फळा योजना’ या नावाने ओळखली गेली. शाळेला किमान काय हवे, हे सांगताना लोकांना खडू आणि फळा हे दोनच शब्द पुरेसे वाटले.

खडूने फळ्यावर अक्षर कसे उमटते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? फळ्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो. खडू त्यावर घासला, की त्याचे कण निघून त्या खरखरीत भागात अडकतात. फळा वापरून वापरून गुळगुळीत झाला, की कण अडकत नाहीत आणि अक्षर पुसट उमटते. शिवाय गुळगुळीत फळा आरशासारखा चकाकतो. खिडकीचा उजेड त्यावर पडून एखाद्या कोपऱ्यातील मुलांच्या डोळ्यांवर येतो. समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला ही चकाकी दिसत नाही. म्हणून वर्गाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन बसावे आणि तेथून फळा पाहावा. गरज असेल तर फळ्याला नव्याने काळा रंग द्यावा. रंग चांगला वाळल्यावर खडू आडवा धरून साऱ्या फळ्यावर फिरवावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. असे केल्याने खडूची पूड रंगाच्या बारीक खळग्यांत बसते. पुढे लिहिलेली अक्षरे मग स्वच्छ पुसली जातात आणि मागच्या धड्याच्या खुणा राहत नाहीत.

फळ्यावर अक्षर केवढे काढावे? निरोगी डोळ्यांना ६ मीटर अंतरावरून सुमारे ९ मिलिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. परंतु हे झाले अक्षरे आधीच शिकलेल्या माणसाचे. जो अक्षर पहिल्यांदाच पाहत आहे, त्याला ते याच्या पाच-सहा पट, म्हणजे निदान ५ सेंटिमीटर उंच दिसू द्यावे. उर्दूत तर अधिक काळजी घ्यावी लागते. बे, पे, ते आणि से या अक्षरांचा सांगाडा एकच आहे. फरक आहे तो फक्त नुक्त्यांचा. एक नुक्ता खाली दिला की बे, तीन खाली दिले की पे, दोन वर दिले की ते आणि तीन वर दिले की से. शेवटच्या रांगेतल्या मुलाला नुक्ते दिसले नाहीत, तर त्याच्या लेखी ही चार अक्षरे एकच होतात. ‘याला अक्षरओळख जमत नाही’ असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्याच्यापर्यंत अक्षर पोहोचलेलेच नसते. मराठीतही अनुस्वार आणि मात्रा यांचे असेच आहे. ‘गाव’ आणि ‘गांव’, ‘मल’ आणि ‘मेल’ यांत फरक आहे तो एका लहानशा खुणेचा.

भिंतीवरचे तक्ते हा पुढचा भाग. पहिलीतल्या मुलाची उंची साधारण ११० ते ११५ सेंटिमीटर असते. उभे राहिल्यावर त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर येतात. जमिनीवर बसल्यावर ते जेमतेम अर्ध्या मीटरावर असतात. आपण मात्र तक्ता आपल्या डोळ्यांसमोर येईल असा, दीड मीटरावर लावतो. काही वेळा तर तो फाटू नये म्हणून दारापेक्षाही उंच टांगतो. असा तक्ता फाटत नाही, हे खरे. पण तो वाचलाही जात नाही. तक्ता मुलाचे बोट पोहोचेल इतका खाली हवा. लहान मूल बोट ठेवून वाचते. वर्षाअखेर तक्ता मळला, तर तो उपयोगी पडला, असे समजावे.

उर्दू माध्यमाच्या पहिलीच्या मुलापुढे आणखी एक गोष्ट येते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि २०२०-२१ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे या मुलाला उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्या भेटतात. त्यांपैकी एक उजवीकडून डावीकडे जाते आणि दोन डावीकडून उजवीकडे जातात. तिन्ही तक्ते शेजारी शेजारी लावले, तर मुलाचा गोंधळ होतो. म्हणून प्रत्येक भाषेला भिंतीवर वेगळी जागा द्यावी आणि प्रत्येक तक्त्यावर एक ठळक बाण काढावा. उर्दूच्या तक्त्यावर बाण डावीकडे तोंड करून आणि मराठीच्या तक्त्यावर उजवीकडे तोंड करून. मुलाला अजून वाचता येत नाही; पण बाण त्याला कळतो. आपण कोठून निघायचे, ते त्याला समजते.

वर्गातील वस्तूंवर त्यांची नावे दोन्ही लिप्यांत चिकटवता येतात. मग एक गंमत होते. मुलाला घरी ‘कुर्सी’ माहीत असते, येथे ‘खुर्ची’ दिसते. ‘काग़ज़’ माहीत असतो, येथे ‘कागद’ भेटतो. ‘तख़्ता’ आणि ‘तक्ता’, ‘हाज़िरी’ आणि ‘हजेरी’, ‘नक़्शा’ आणि ‘नकाशा’, ‘तारीख़’ आणि ‘तारीख’ या जोड्या तुम्हीही ओळखल्या असतील. हे शब्द अरबी आणि फारसी भाषांतून मराठीत आले व येथे शेकडो वर्षे राहिले. काहींचे अर्थही बदलले. उर्दूत ‘दफ़्तर’ म्हणजे कचेरी. मराठी मूल मात्र ‘दप्तर’ पाठीवर घेऊन शाळेत जाते! मराठी ही परकी भाषा नाही, हे मुलाला अशा चार चिठ्ठ्यांवरून आपोआप कळते.

सगळ्या भिंती तक्त्यांनी भरून टाकू नयेत. एक भिंत कोरी ठेवावी. मुलांनी काढलेली चित्रे पुढे तेथे लागतील. भिंतीच्या खालच्या भागात फळ्याच्या काळ्या रंगाचा एक पट्टा मारला, तर प्रत्येक मुलाला लिहायला आपला फळा मिळतो.

साहित्य विकत घ्यायला पैसे नाहीत, अशी अडचण पुष्कळ ठिकाणी असते. या अडचणीवर मात कशी करावी, हे आपल्याच रेल्वेमार्गावरील दोन गावांनी दाखवून दिले आहे. मीरा रोडहून गाडी उत्तरेकडे निघाली, की विरार, पालघर, डहाणू ही स्थानके लागतात. पुढे घोलवडजवळ बोर्डी हे गाव आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांनी त्यांना साथ दिली. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

बालशिक्षणातील काही कल्पना ताराबाईंनी इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्याकडून घेतल्या होत्या. मॉन्टेसरींनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत ‘बालगृह’ उघडले. तेथे टेबले, खुर्च्या, कपाटे मुलांच्या मापाची होती. मुले ती स्वतः उचलू शकत. परंतु मॉन्टेसरी पद्धतीचे साहित्य महाग होते. ते खेड्यात कोठून आणायचे? ताराबाई आणि अनुताई यांनी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले यांनाच शिक्षणाचे साहित्य बनवले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी वस्तीतल्या अंगणात वर्ग भरवला. काही मुले गुरे राखायला जात. त्यांच्यासाठी चराईच्या कुरणातच ‘कुरणशाळा’ भरू लागली. मूल ज्या ठिकाणी आहे, तेथून सुरुवात करावी, हा धडा कोसबाडने सगळ्या महाराष्ट्राला दिला.

आपल्याकडेही साहित्य भरपूर आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर शिंपले मिळतात. घरोघरी चिंचोके, बाटल्यांची झाकणे, जुन्या लग्नपत्रिका आणि पुठ्ठ्यांची खोकी असतात. दहा-दहा चिंचोक्यांच्या पुड्यांवरून दशक शिकवता येते. लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर अक्षरे लिहून सुंदर कार्डे होतात. मात्र लहान मुले वस्तू तोंडात घालतात. म्हणून बारीक वस्तू मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात.

पावसाळ्यातील वर्गाला आणखी एका गोष्टीची गरज असते आणि नेमकी तीच विसरली जाते. चाळीस मुले चाळीस ओल्या छत्र्या आणि रेनकोट घेऊन आली, तर ते ठेवायचे कोठे? बाकाखाली ठेवले, तर पाणी दप्तरात जाते. दाराबाहेर मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक खुंटीवर एक चित्र असावे: मासा, पतंग, आंबा, होडी. मुलाला नाव वाचता येत नाही, पण ‘माझी खुंटी होडीची’ हे त्याला पहिल्याच दिवशी पाठ होते. एवढ्या मोठ्या इमारतीत एक जागा आपली आहे, हे त्याला समजते.

शेवटची तयारी कागदावरची आहे. पण तिचा परिणाम सर्वांत लांबवर जातो. ती म्हणजे हजेरीपट आणि जनरल रजिस्टर. जून महिन्यात रजिस्टरात मुलाचे नाव जसे लिहिले जाते, तसेच ते वर्षानुवर्षे पुढे चालते. तेच नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि तेच दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते. उर्दूतील नाव देवनागरीत आणि इंग्रजीत लिहिताना एखादे अक्षर इकडेतिकडे झाले, तर दहा वर्षांनी त्याच अक्षरासाठी कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात. म्हणून जन्मदाखला समोर ठेवून, पालकांना विचारून नाव लिहावे. हजेरी घेतानाही नाव नीट उच्चारावे. एका वर्गात तीन आयेशा आणि चार मोहम्मद असू शकतात. ‘मोहम्मद’ एवढेच पुकारले, तर तीन मुले ‘हाजिर’ म्हणतात, आणि त्यांतले घाबरलेले चौथे, नवे मूल गप्पच राहते. प्रत्येकाचे पूर्ण नाव आधी वाचून पाहिले, तर पहिल्या दिवशी कोणी चुकत नाही.

मुलाची तयारी करणे हाही वर्गाच्या तयारीचाच भाग आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे घेतले जातात. पहिलीत येणारी मुले आईवडिलांबरोबर येतात, रंग भरतात, उड्या मारतात, वस्तू मोजतात. शाळेची खोली मुलाने एकदा पाहिली, की तिची भीती अर्धी होते.

तरीही पहिल्या दिवसाने सगळे संपत नाही. २०२४ साली १५ जूनला, शनिवारी, शाळा उघडल्या. १६ तारखेला रविवार होता आणि १७ तारखेला बकरी ईद. लहान मुले एक दिवस शाळेत आली आणि लगेच घरच्या आनंदात रमली. मंगळवारी ती पुन्हा आली, तेव्हा त्यांच्यासाठी तो नव्याने पहिला दिवस होता. म्हणून शिक्षक वर्षाचे कॅलेंडर आधीच पाहून ठेवतात. स्वागताची गाणी, गोष्टी आणि खेळ एकाच दिवसात संपवत नाहीत.

मुलांनो, या कामात तुम्ही काय करू शकता? पुष्कळ काही. तुमचे अक्षर चांगले असेल, तर तक्ते लिहून द्या. नुक्ते ठळक काढायला विसरू नका. तुम्हांला चित्रे येत असतील, तर खुंट्यांवर मासा आणि होडी काढा. फाटलेल्या गोष्टींच्या पुस्तकांना खळ लावून नवे पुठ्ठे चढवा. चिंचोके जमवून धुऊन, वाळवून द्या. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी पहिलीच्या वर्गात जा, शेवटच्या रांगेत जमिनीवर बसा आणि शिक्षकांना सांगा, तेथून काय दिसते आणि काय दिसत नाही. तुम्ही त्या उंचीचे होता, त्याला अजून फार वर्षे झालेली नाहीत.

आणि पहिल्या दिवशी जिन्यात एखादे लहान मूल नवे दप्तर छातीशी धरून उभे दिसले, तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका. त्याला त्याचे नाव विचारा. त्याचा वर्ग दाखवा. त्याची छत्री त्याच्या खुंटीवर त्यालाच अडकवू द्या.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबई आणि ठाणे भागात पाऊस येण्याची नेहमीची तारीख कोणती?
(आ) ग्राम बाल शिक्षा केंद्र कोणी व कोठे सुरू केले?
(इ) ‘खडू-फळा योजना’ कोणत्या साली सुरू झाली?

२. कारणे द्या.
(अ) पुस्तकांचे कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये.
(आ) उर्दू लिहितानाही उजेड डावीकडून हवा.
(इ) मोठ्यांच्या बाकावर लहान मूल चुळबुळ करते.

३. पुढील मराठी शब्दांशी मिळतेजुळते उर्दू शब्द सांगा व अर्थात फरक असल्यास तो लिहा.
हजेरी, कागद, दप्तर, तक्ता, दाखला, फरशी

४. उपक्रम : आपल्या वर्गाच्या चारही कोपऱ्यांत बसून फळा पाहा. कोठून काय दिसत नाही, त्याची नोंद करा आणि पाच वाक्यांत मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.